पांढरा जरफाल्कन काढताना पांढरा रंग सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: "मला पांढऱ्या गायरफाल्कनचं मोठं जलरंगचित्र करायचं आहे. इंटरनेटवरून चाळीसेक फोटो जमवले. तीन वेळा काढलं आणि तिन्ही वेळा बहिरी ससाण्याला चुना लावल्यासारखं दिसलं. पांढरा रंग हाताळायचा कसा? आणि ऑड्युबनसारख्या जुन्या चित्रकारांची चित्रं समोर ठेवून शिकावं का?" सोबत तिन्ही चित्रांचे फोटो जोडलेत.

आधी उच्चार. 'जरफाल्कन' म्हणतात. शास्त्रीय नाव फाल्को रस्टिकोलस, १७५८ मध्ये लिनियसने दिलेलं. जगातला सगळ्यात मोठा ससाणा. हा उत्तर ध्रुवाभोवतालच्या टुंड्राचा पक्षी. आपल्याकडे येत नाही, त्यामुळे त्याला रुळलेलं मराठी नाव नाही आणि ते तयार करण्याची मला गरजही वाटत नाही. मी गेली पंचवीस वर्षं पक्ष्यांची चित्रं काढते, त्यातली बरीच शिकारी पक्ष्यांची. जरफाल्कनसाठी आइसलँडला दोनदा गेले आणि संग्रहालयांत जतन केलेली त्याची कातडी हाताळली. सांगते ते तेवढ्याच अनुभवातून.

तुमची तिन्ही चित्रं मोठी करून पाहिली. पिसांवर केलेली मेहनत दिसते, हात चांगला आहे. पण अडचण पांढऱ्या रंगाची नाहीच. तिसरं चित्र ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि बाह्यरेषेच्या आत सरळ काळी शाई भरा. आता समोर काय दिसतं? बहिरी ससाणा. रंग पूर्ण काढून टाकल्यावरही तो बहिरीच राहिला, याचा अर्थ चूक रंगाच्या आधी, पेन्सिलीच्या पहिल्या दहा रेषांमध्ये झाली आहे. चुना लावल्यासारखं दिसतं ते त्यामुळेच. आत पक्षी एक आणि वर रंग दुसऱ्याचा.

बहिरी बसलेला असतो तेव्हा त्याच्या पंखांची टोकं जवळजवळ शेपटीच्या टोकाला भिडतात. जरफाल्कनची भिडत नाहीत. शेपटीचा बराच भाग खाली मोकळा राहतो. ही एक गोष्ट दुरुस्त केलीत तरी निम्मं चित्र सुधारेल. दुसरं, बहिरीचा बांधा खांद्यात रुंद आणि खाली झपकन निमुळता होतो. जरफाल्कन खालपर्यंत भरलेला असतो. पोटाची आणि मांड्यांची पिसं लांब, सैलसर, थंडीत फुगवलेली. मांडीचं पीस नडगीवर निम्म्याहून खाली उतरतं आणि पक्षी निवांत बसला असेल तर पायांची बोटंही त्यात अर्धी बुडतात. डोकं शरीराच्या मानाने लहान वाटतं, आणि डोळ्याखालची ती ठसठशीत काळी मिशी, जिच्यावरून आपण बहिरी लांबूनच ओळखतो, ती इथे पुसट असते किंवा नसतेच. तुम्ही ती फिकट राखाडीत का होईना, पण काढली आहे. हाताची सवय असते ती. माझाही हात कित्येक वर्षं तिथे आपोआप जायचा.

वजनाचा अंदाज मनात ठेवा. जरफाल्कनची मादी दोन किलोपर्यंत भरते, नर तिच्या साधारण दोन तृतीयांश. बहिरीची मादी किलोभराची. दुप्पट वजनाचा पक्षी दगडावर बसतो तेव्हा तो दगडाला टेकत नाही, दगडावर विसावतो. पायांची बोटं जाड, अंगाच्या मानाने बहिरीपेक्षा आखूड, आणि त्यांच्यावर भार आलेला दिसायला हवा. तुमचा पक्षी पुढच्या क्षणी उडून जाईल असा चवड्यांवर उभा आहे.

आता फोटोंकडे येते. चाळीसपैकी तुम्ही दाखवलेल्या सहा फोटोंत चार पक्ष्यांच्या पायांत चामडी पट्टे आहेत, म्हणजे ते पाळलेले आहेत. पाळलेला पक्षी संदर्भाला वाईट असतो असं मी म्हणणार नाही, डोळा आणि चोच जवळून अभ्यासायला त्याच्यासारखं काही नाही. पण एक मोठा धोका लक्षात घ्या. बाजदारीसाठी, म्हणजे ससाणे पाळून त्यांच्याकडून शिकार करण्यासाठी, विशेषतः आखाती देशांत, जरफाल्कनचा सेकर ससाण्याशी किंवा बहिरीशी संकर करून पैदास मोठ्या प्रमाणावर होते. पांढऱ्या रंगाला तिथे फार मान. असा संकरित पक्षी दिसायला पांढराशुभ्र, पण शेपटी, पंख, पाय, सगळ्यांत दुसऱ्या जातीचा अंश. फोटोखाली 'जरफाल्कन' लिहिलेलं असतं आणि लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नसतो. तुमच्या चित्रात बहिरी कुठून शिरला याचं उत्तर कदाचित हेच असेल, कदाचित नसेल. फोटोंवरून मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी स्वतः नियम केला आहे: प्रमाणांसाठी फक्त रानातल्या पक्ष्याचे फोटो, आणि तेही ठिकाण व महिना माहीत असलेले.

महिना कशासाठी, ते माझ्या एका चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या काळात मी एका पुस्तकासाठी पांढरा जरफाल्कन काढला होता. पाठीवर सुंदर आडव्या खुणा, बाणाच्या टोकासारखे काळसर ठिपके, ओळीने. पाय मात्र निळसर करडे, कारण ज्या फोटोवरून पाय घेतले त्यात ते तसे होते. एका ज्येष्ठ पक्षीतज्ज्ञांना चित्र दाखवलं. त्यांनी पाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा पक्षी प्रौढ आहे." मग पायांवर बोट ठेवलं, "आणि हा पहिल्या वर्षाचा." चित्र परत करावं लागलं. पहिल्या वर्षीच्या पक्ष्याचे पाय, चोचीच्या मुळाशी असलेली मऊ कातडी आणि डोळ्याभोवतीचं कडं निळसर करडं असतं, प्रौढ झाल्यावर ते पिवळं होतं. अंगावरच्या खुणाही बदलतात: लहानपणी उभ्या रेघा, मोठेपणी आडवे पट्टे आणि ठिपके. तरुण पक्ष्याची शेपटीही किंचित लांब असते. दोन फोटो जोडून एक पक्षी करायचा असेल तर आधी दोघांचं वय जुळलं पाहिजे. तुमच्या दुसऱ्या चित्रात हीच गल्लत आहे, छातीवर उभ्या रेघा आणि पाय हळदीसारखे पिवळे.

यानंतर येतो तो प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण माझ्या मते सगळं त्यावर अवलंबून आहे. तुमचा पक्षी कुठला? सगळे जरफाल्कन पांढरे नसतात. एकाच जातीत पांढरे, राखाडी आणि जवळजवळ काळपट तपकिरी असे पक्षी असतात, आणि कोणता रंग कुठे जास्त हे भूगोलावर ठरतं. उत्तर ग्रीनलंड आणि कॅनडाचा अतिउत्तरेचा द्वीपसमूह इथे पांढरे. आइसलँडमध्ये घरटी करणारे राखाडी, स्कँडिनेव्हियातलेही राखाडीच. लॅब्राडोरकडे गडद. हिवाळ्यात ग्रीनलंडचे पांढरे पक्षी आइसलँडला येतात, पण जूनमध्ये आइसलँडच्या हिरव्या दरीत, घरट्यात पिल्लं असलेला शुभ्र पांढरा जरफाल्कन काढलात तर जाणकाराला तो तिथे उपराच वाटेल. तुमच्या पहिल्या चित्रात मागे जांभळी फुलं आणि धबधबा आहे. जागा सुंदर आहे, पण तो पक्षी तिथला नाही. जागा ठेवायची असेल तर पक्षी राखाडी करा. पक्षी पांढराच हवा असेल तर जागा बदला, किंवा तीच जागा जानेवारीत न्या. यात बरोबर-चूक असं एकच उत्तर नाही. चित्र कशासाठी हवंय त्यावर ठरवा. नुसतं पक्ष्याचं व्यक्तिचित्र असेल तर मोकळ्या कागदावर काढा, कुणी हरकत घेणार नाही.

मी मात्र तुम्हाला जागा सोडू नका असं सांगेन, कारण हा पक्षी मला कळला तो त्याच्या जागेवरूनच. पहिल्यांदा आइसलँडच्या ईशान्य भागात गेले ते मे महिन्याच्या शेवटी. मीवात्न सरोवराच्या पलीकडच्या एका दरीत, स्थानिक अभ्यासकांनी सांगितलेल्या ठिकाणी, कड्यापासून चारेकशे मीटरवर दुर्बीण लावून बसले. तिथे घरट्याजवळ जायला, फोटो काढायला परवानगी लागते आणि ते योग्यच आहे. थंडीने पेन्सिल बोटांत धरवत नव्हती. पहिले दोन दिवस पक्षी दिसलाच नाही. दिसला तो कडा. उभा, काळा, बसाल्टचा, अगदी आपल्या सह्याद्रीसारखा. पण त्याच्यावर दोन गोष्टी अशा होत्या की त्यांच्यावरून बसायच्या जागा पक्ष्याविनाही सांगता याव्यात. एक, विष्ठेचे पांढरे ओघळ. दुसरी, त्या ओघळांच्या कडेने पसरलेलं भगवं-नारिंगी दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण घालतो त्याचंच हे भाऊबंद. विष्ठेतलं नत्र मिळेल तिथे ते जोमाने वाढतं. आर्क्टिकमध्ये शिकारी पक्ष्यांचे बसण्याचे दगड लांबून ओळखतात ते याच नारिंगी रंगावरून. करड्या दगडावर हा एकच उष्ण रंग, आणि तो बरोबर तिथेच असतो जिथे पक्षी बसतो! चित्रकाराला आणखी काय हवं?

हे ओघळ किती जुने असू शकतात? पश्चिम ग्रीनलंडमध्ये कांगरलुसुआक परिसरातल्या घरट्यांखालच्या विष्ठेच्या थरांचं रेडिओकार्बन पद्धतीने वय काढलं गेलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सगळ्यात जुना थर सुमारे २,५०० वर्षांचा निघाला. म्हणजे एकाच खबदाडीत पिढ्यानपिढ्या ससाणे नांदत आले आहेत. आणि हा पक्षी घरटं स्वतः बांधत नाही! कावळ्याच्या मोठ्या जातभाईचं, म्हणजे रेव्हनचं सोडलेलं काटक्यांचं घरटं वापरतो, नाहीतर उघड्या कपारीतच अंडी घालतो. त्यामुळे चित्रात नीटनेटकं विणलेलं घरटं दाखवू नका. अस्ताव्यस्त काटक्या, हाडं, पिसं, वरून टांगलेला खडक, असं पाहिजे.

तिसऱ्या दिवशी नर आला. आला तो वरून नव्हे. आपल्या मनात ससाणा म्हटलं की आभाळातून दगडासारखा कोसळणारा बहिरी असतो. हा उताराला चिकटून, जमिनीपासून हातभर उंचीवर, टेकाडाच्या आडून वर आला. पंखांचे ठोके खोल आणि सावकाश वाटत होते, पण वेग जबरदस्त. जरफाल्कन बहुतेकदा अशीच शिकार करतो: जमिनीलगत येऊन अचानक गाठायचं, आणि सावज उठलं तर पाठलाग करून दमवायचं. त्याची लांब शेपटी आणि रुंद पंख या कामाचे आहेत. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की शेपटी आखूड काढायला हात धजत नाही.

त्याच्या पायांत टार्मिगन होता. हा तितरासारखा, कोंबडीच्या कुळातला पक्षी, आणि जरफाल्कनचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती फिरतं. ईशान्य आइसलँडमध्ये ओलाफुर निल्सन यांनी १९८१ पासून या दोन पक्ष्यांचा जोडीने अभ्यास केला आहे. टार्मिगनची संख्या तिथे साधारण दहा-बारा वर्षांच्या चक्रात वर-खाली होते आणि जरफाल्कनची संख्या काही वर्षांच्या अंतराने तिच्या मागोमाग जाते. टार्मिगन हिवाळ्यात पांढरा असतो. वसंतात बर्फ वितळला की मादी लवकर तपकिरी होते, नर मात्र विणीचा काळ सरेपर्यंत पांढराच राहतो. उघड्या तपकिरी माळावर पांढरा नर ठळक दिसतो आणि मारलाही जातो. जोडीदारीण अंड्यांवर बसली की नर आपली पिसं चिखलात मळवून घेतो, असंही अभ्यासकांनी नोंदवलं आहे.

आमचा नर कड्याखालच्या एका उंचवट्यावर बसला आणि पिसं उपटू लागला. वारा माझ्या दिशेने होता. थोड्या वेळाने ती पांढरी पिसं उतारावरून घरंगळत आली आणि दगडफुलाला, गवताला, माझ्या बॅगेला अडकली. मी एक उचललं. मुळाशी धुरकट, टोकाला पांढरं, आणि दिवसाच्या त्या ढगाळ उजेडात पांढऱ्यापेक्षा सायीसारखं. पक्षी उडून गेल्यावर आणि परवानगी असलेल्या वाटेनेच संध्याकाळी त्या उंचवट्याखालून गेले. तिथे टार्मिगनचे दोन पंख छातीच्या हाडाला तसेच जोडलेले पडले होते, हाडाच्या धारेला चोचीने पाडलेल्या खाचा होत्या, आणि बाजूला एक पाऊल. बोटांपर्यंत पिसांनी झाकलेलं, सशाच्या पायासारखं. टार्मिगनच्या शास्त्रीय नावाचा, लॅगोपसचा, अर्थही 'सशाच्या पायाचा' असाच आहे. ससाण्याची शिकार ओळखायची ती या जोडलेल्या पंखांवरून. चित्रात भक्ष्य दाखवायचं असेल तर रक्त आणि फाटाफाट करण्यापेक्षा ही दोन पांढरी पिसं दगडफुलाला अडकवा. बघणाऱ्याला सगळं कळतं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, पांढऱ्याकडे. इतका वेळ टाळलं त्याचं कारण हेच की आकार, वय आणि जागा ठरल्याशिवाय पांढरा रंग ठरवताच येत नाही. त्या पक्ष्यात पांढरा हा रंगद्रव्य नसल्याचा परिणाम आहे. पिसाच्या रचनेतून उजेड विखुरतो म्हणून ते पांढरं दिसतं. त्यामुळे ते आजूबाजूचा रंग उचलतं. निळ्या आभाळाखाली सावलीची बाजू निळसर, खालून दगडफुलाचा उजेड येत असेल तर पोट किंचित उबदार. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बर्फासमोर पांढरा जरफाल्कन पांढरा दिसत नाही. बर्फ थंड, निळसर. पक्षी त्याच्यापुढे पिवळसर, सायीच्या रंगाचा. तुम्ही दोघांना एकाच पांढऱ्यात ठेवलंत म्हणून पक्षी पार्श्वभूमीत विरघळला आणि मग त्याला बाहेर काढायला सगळीकडून काळी रेघ मारावी लागली.

माझी पद्धत अशी. जलरंगात पांढरा म्हणजे कागद. पक्ष्याच्या बाह्यरेषेला रंग लावायचा नाही, त्याच्या मागच्या गोष्टीला लावायचा. आभाळ किंवा कडा आधी रंगवते, कोबाल्ट निळ्यात थोडा रॉ अंबर मिसळून करडा करते आणि पक्ष्याच्या कडेपर्यंत आणते. पक्षी आपोआप कोऱ्या कागदातून उभा राहतो. मग पक्ष्याच्या अंगावर सावलीचं एकच मोठं वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, छाती कुठे वळते आणि खांदा कुठे पुढे येतो एवढंच सांगणारं. ते पूर्ण वाळू द्यायचं. इथे घाई केली की चित्र गेलंच. त्यानंतर पाठीवरच्या खुणा. मोजून काढा असं मी म्हणत नाही, पण त्या पिसांच्या ओळींवर बसलेल्या असतात, वरून शिंपडलेल्या नसतात. संग्रहालयाच्या ट्रेमधलं एक कातडं मी दिवसभर समोर ठेवून काढलं होतं. नॅप्थलीनचा वास, पायाला दोऱ्याने बांधलेली पिवळी पडलेली चिठ्ठी. भिंगातून पाहिलं तेव्हा कळलं की प्रत्येक पिसाला टोकाजवळ एक खूण आहे, आणि पिसं कौलांसारखी एकावर एक बसल्यामुळे खालच्या खुणेचा काही भाग वरच्या पिसाखाली झाकला जातो. ती झाकलेली बाजू तीक्ष्ण कापल्यासारखी दिसते, मोकळी बाजू मऊ. तुमच्या सगळ्या खुणा चारी बाजूंनी सारख्या आहेत, म्हणून त्या कापडावरच्या बुट्ट्यांसारख्या वाटतात. पंखांच्या टोकांना मात्र बहुतेक पांढऱ्या पक्ष्यांतही गडद रंग असतो, तिथे बिनधास्त काळोख आणा. गौशचा, म्हणजे अपारदर्शक जलरंगाचा, जाड पांढरा मी फक्त शेवटी, एखाद्या वाऱ्याने उठलेल्या पिसाच्या कडेपुरता वापरते. तुमचं माध्यम तैलरंग असतं तर हा क्रम जवळजवळ उलटा सांगितला असता.

इथवरचं पुन्हा एका ओळीत: शेपटी आणि बांधा, मग वय, मग ठिकाण व महिना, मग पार्श्वभूमी, आणि तिच्यातून पांढरा.

जुन्या चित्रकारांबद्दल. होय, शिका, पण प्रत्येकाकडून काय घ्यायचं ते ठरवून. अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबनच्या 'बर्ड्स ऑफ अमेरिका' या मोठ्या ग्रंथात जरफाल्कनची दोन चित्रं आहेत: १९६ व्या प्लेटवर गडद पक्षी, 'लॅब्राडोर फाल्कन' या नावाने, आणि ३६६ व्या प्लेटवर पांढरे, 'आइसलँड ऑर जर फाल्कन' म्हणून. १८३३ मध्ये तो स्वतः लॅब्राडोरला गेला होता, गडद पक्षी त्या सफरीतले. एकाच जातीचे दोन रंग दोन नावांनी आले, कारण एकोणिसाव्या शतकात हे वेगळे पक्षी आहेत असं अनेकांना वाटत होतं. ऑड्युबन ताजा मारलेला पक्षी तारांनी चौकोन आखलेल्या फळीवर हव्या त्या मुद्रेत उभा करायचा. म्हणून प्रत्येक पिसाचं माप अचूक, रचना नाट्यमय, पण सांधे कधीकधी जिवंत पक्ष्याला जमणार नाहीत असे वळलेले. त्याच्याकडून रचनेचं धाडस घ्या, मुद्रा घेऊ नका.

मुद्रेसाठी जोसेफ वोल्फ पाहा. हा जर्मनीत जन्मलेला, १८४८ मध्ये लंडनला आलेला चित्रकार. श्लेगेल आणि वुल्फरहोर्स्ट यांच्या १८४४ ते १८५३ दरम्यान निघालेल्या बाजदारीवरच्या फ्रेंच ग्रंथासाठी त्याने ससाण्यांची चित्रं केली, आणि जॉन गूल्डच्या ब्रिटनच्या पक्ष्यांवरच्या ग्रंथासाठीही. जिवंत शिकारी पक्षी तासन्‌तास पाहिलेला माणूस आहे हे लगेच कळतं. पिसं किती सैल सोडायची आणि किती आवळायची हे मी त्याच्याकडून शिकले. पक्षी भ्यायला की पिसं अंगाला घट्ट चिकटतात, निवांत असला की फुगतात. तुमचा पक्षी चेहऱ्याने शांत आणि अंगाने घाबरलेला आहे. तसाच जॉर्ज लॉज, १८६० ते १९५४, जो स्वतः बाजदार होता. हातावर पक्षी बसवून ज्याने वजन अनुभवलं, त्याच्या चित्रातले पाय कधी खोटे वाटत नाहीत. या दोघांच्या चित्रांतही टोपी घातलेले, पट्टे बांधलेले पक्षी आहेतच. ते दरबाराचे पक्षी, रानातले नव्हेत, हे वेगळं लक्षात ठेवा.

आणि आपल्या परंपरेतला एक धागा सोडू नका. फार्सीत जरफाल्कनला शुनकार म्हणतात. जहांगीराच्या आठवणींत १६१९ च्या सुमाराची एक नोंद आहे: इराणच्या शाह अब्बासकडून आलेल्या अशा एका ससाण्याला वाटेत, सांभाळणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे, मांजराने जखमी केलं. दरबारात पोहोचल्यावर तो आठवडाभरही जगला नाही. बादशहाला त्याचा रंग आणि पंखांवरच्या, पाठीवरच्या, कुशीवरच्या काळ्या खुणा इतक्या आवडल्या होत्या की त्याने उस्ताद मन्सूरला, ज्याला 'नादिर-उल-अस्र' हा किताब होता, त्याचं चित्र करून ठेवायला सांगितलं. मन्सूरची कोणतीही पक्षीचित्रं चांगल्या छपाईत मिळाली तर भिंगाखाली पाहा. पिसांच्या ओळींवर खुणा कशा बसवायच्या याचा धडा तिथे आहे, आणि त्याच्यासमोर फोटो नव्हता.

जरफाल्कन पाहायला तुम्हाला आत्ता जाता येणार नाही, हे उघड आहे. मग सरावाला काय? शिक्रा नको, तो ससाणाच नव्हे, त्याचे पंख आखूड आणि गोलसर असतात. सह्याद्रीतल्या कड्यांवर शाहीन, म्हणजे बहिरीचीच आपल्याकडची उपजात, दिसतो, हिवाळ्यात माळांवर खरुची (केस्ट्रेल) येते, नशीब असेल तर लग्गड ससाणा. एखाद्या गडाच्या बुरुजावरून शाहीन खाली बसलेला सापडला तर तास-दोन तास त्याला फक्त पाहा. खांदा कसा सरकतो, पंख मिटताना टोकं कुठे ओलांडतात, अंग झटकल्यावर पिसं बसायला किती वेळ लागतो, हे बघा. घरट्याच्या फार जवळ जाऊ नका, वरच्या काठावर तर मुळीच नको. मुंबईत बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) पक्ष्यांच्या कातड्यांचा मोठा संग्रह आहे. महाविद्यालयाच्या पत्रासह रीतसर विनंती करून ससाण्यांची कातडी पाहायला मिळतात का ते विचारा. कातडं प्रमाणासाठी चालत नाही, पूर्ण आवळलेलं असतं, पण पिसाचा पिसाशी संबंध त्याच्याइतका कुठेच कळत नाही.

शेवटचं कागदाचं. तुम्ही अर्ध्या इम्पीरियल शीटवर काढलंत आणि पक्षी त्यात कोंबला गेला. शेपटी आखूड होण्याचं ते एक साधं कारण असू शकतं, खाली जागाच उरली नव्हती. मादी साठ सेंटिमीटरच्या आसपास असते, म्हणून पूर्ण शीट उभी घ्या, तीनशे जीएसएमची, ताणून फळीवर चिकटवलेली. शेपटीचं टोक आधी ठरवून टाका, मग डोकं. खाली दगडाला भरपूर जागा ठेवा, ओघळ आणि दगडफूल तिथेच येणार आहे. पेन्सिलीचं रेखाटन झालं की रंग लावण्याआधी इथे टाका, मी शेपटी आणि पाय पाहून सांगेन.